अर्धं लुगडं

द्रौपदीने पिशवीतून जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, खिरीच्या पातेल्याचे कान दोन्ही बाजूंनी धरले, आणि पातेलं उचलायच्या ऐवजी तशीच उभी राहिली. हातातलं लुगडं अर्धंच होतं. दुसरा अर्धा तुकडा सकाळी तिने स्वतःच्या हाताने गॅरेजच्या भिंतीतल्या भोकात कोंबला होता.

"अगं बाई!"

तिच्या तोंडून निघालं. निघायच्या आधी ते काढायचं, असं तिने मनाशी दहादा घोकलं होतं. पण मुलगा धम्मपाल गाडी चालू करून बसला, नात रिया हॉर्न वाजवायला लागली, खीर सांडू नये म्हणून पातेलं मांडीवर घेतलं, आणि लुगडं राहिलं ते राहिलंच. गॅरेजमध्ये तिचे यजमान जयवंत एकटे होते. दार बंद, आणि हीटर एव्हाना चालू असणार.

हॉलमध्ये नुकतीच वंदना संपली होती. कुणी सतरंज्या गुंडाळत होतं, कुणी कागदी वाट्या मांडत होतं. शकुताई "जयभीम वहिनी, द्या ना पातेलं" म्हणत पुढे आल्या. द्रौपदीने त्यांच्या हातात लुगडंही दिलं नाही, पातेलंही नाही. ती तडक धम्मपालकडे गेली.

"घरी चल."

"आत्ता? अगं, जेवण तरी..."

"आत्ता चल म्हणते ना!"

आईचा चेहरा पाहून त्याने खिशातून किल्ली काढली. रियाला हाताला धरलं आणि बाहेर काढलं.

गाडीत बसल्या बसल्या द्रौपदीने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. जयवंत फोन घरात ओट्यावर ठेवून गॅरेजात जायचे, हे का तिला माहीत नव्हतं? इथे आल्यापासून त्यांचा हाच खाक्या. आणि करवत चालवायची म्हणून कानातलं मशीनही काढून ठेवायचे. भिंतीवर धम्मपालने गॅसचा अलार्म लावला होता खरा. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याच्या डोक्यावर अलार्म बोंबलून काय उपयोग?

आता सांगायला हवं होतं. पण ती पुन्हा पुन्हा फोनच लावत राहिली.

कारण हा काही तिचा पहिला पराक्रम नव्हता. मागच्या महिन्यात तिने हीटरखाली दोरी बांधून कुरडया वाळत घातल्या होत्या. इथे टाकानिनीत, पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, जून म्हणजे ऐन थंडी; ऊन कुठून आणायचं? दोरी प्लास्टिकची निघाली, वितळली, आणि कुरडया खाली जयवंतांच्या रंध्यावर पडल्या. तेव्हा धम्मपाल ओरडला नव्हता, पण शांतपणे म्हणाला होता, "आई, अजून एकदा असं झालं ना, तर मी हा हीटर काढूनच टाकेन."

तो काढेल, याबद्दल तिला शंका नव्हती. आणि हीटर गेला की जयवंतांचं काय, हे तिने मागच्या थंडीत पाहिलं होतं. खडकीला कारखान्यात तीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, इथे थंडीने बोटं आखडली म्हणून दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. बोलायचं नाही, चिडायचं नाही, चहा गार झाला तरी कळायचं नाही. ते बसणं आठवलं तरी तिला अजून भीती वाटायची. मग धम्मपालने हा हीटर आणला. तो काम करतो त्या ईस्ट टामाकीच्या गोदामात तसलेच होते. छताखाली लांब नळी, आत गॅसची आग, वर पत्र्याचं छत्र. खाली उभं राहिलं की पाठीवर ऊन पडल्यासारखं वाटायचं. जयवंतांची बोटं मोकळी झाली आणि बोलणंही. आता हॉलमधल्या बुद्धमूर्तीसाठी ते रिमूच्या, म्हणजे इथल्या एका झाडाच्या लाकडाच्या, जुन्या फळ्यांची बैठक करत होते. आषाढ पौर्णिमेला आठवडा राहिला होता.

हीटर बसवणाऱ्या माणसाने ते वीतभर भोक दाखवून तीन-तीनदा बजावलं होतं. आगीला हवा लागते, हे कधी बंद करायचं नाही. केलं तर विषारी वायू साठतो, वासही येत नाही. रियाने मराठीत सांगितलं होतं, तेव्हा द्रौपदीने मान डोलावली होती. पण त्या भोकातून दक्षिणेचा वारा थेट जयवंतांच्या मानेवर यायचा. दक्षिणेकडून थंडी येते, हेच मुळी तिला अजून पटत नव्हतं. आज सकाळी त्यांनी दोनदा मान चोळली. तिने जुनं लुगडं टरकावलं आणि अर्धं कोंबलं. तासभर फक्त, असं म्हणून.

सिग्नलला गाडी थांबली.

"धम्मा," ती म्हणाली, "मी ते भोक बुजवलंय."

"कुठलं भोक?"

"हीटरचं. सकाळी. काढायचं राहिलं रे."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सिग्नल सुटला तशी गाडी दामटली. शेजारच्या टामाला फोन लावला. पण रविवारी तो सहकुटुंब चर्चमध्ये असायचा. फोन वाजून बंद झाला.

"किती वाजता कोंबलंस?"

"नऊला."

"आणि बाबांनी हीटर कधी लावला?"

"ते... ते लावायच्या तयारीत होते."

"इज आबा गोइंग टु बी ओके?" रियाने मागून विचारलं. द्रौपदी हातातलं लुगडं पिळत राहिली. घर दोन वळणांवर होतं, पण ती वळणं काही केल्या येईनात.

गॅरेजचं दार बंद होतं. करवतीचा आवाज नव्हता. धम्मपालने गाडीतूनच रिमोट दाबला आणि दार आपल्या सावकाश गतीने वर जायला लागलं. आधी जयवंतांच्या चपला दिसल्या. मग पाय. मग टेबलावर ओणवी झालेली पाठ. ती हलत नव्हती.

"अहो!" द्रौपदी धावली. "अहो!"

पाठ हलली. जयवंतांनी पॉलिश पेपरवरून बोटं उचलली, फुंकर मारून भुसा उडवला आणि मागे वळून पाहिलं. डोक्यावर नळी तापलेली होती. भिंतीतलं भोक सताड उघडं होतं. आणि त्यांच्या मानेभोवती, मफलरसारखे दोन वेढे देऊन, जांभळ्या काठाचं अर्धं लुगडं होतं.

द्रौपदी दाराशीच थबकली.

जयवंतांनी कानात मशीन घातलं. मुलाचा पांढराफटक चेहरा पाहिला, बायकोच्या हातातला तुकडा पाहिला आणि घसा खाकरला.

"ते भोक ना, मीच बुजवलं होतं," ते धम्मपालला म्हणाले. "वारा फार लागत होता. पण हीटर लावायच्या आधी आठवलं, लगेच काढलं. तुझ्या आईला काही बोलू नकोस, तिला ठाऊकही नाही."

"बट आजी सेड..." रियाने तोंड उघडलं.

"रिया," धम्मपाल म्हणाला, "जा, हात धुऊन घे."

ती दोघांकडे आळीपाळीने बघत आत गेली. धम्मपाल भोकापाशी गेला, आत हात घालून वारा येतोय का पाहिलं. बराच वेळ त्याचा हात तिथेच होता.

"बाबा," तो पाठमोराच म्हणाला, "परत असं करायचं नाही. माणूस मरतो त्याने."

"नाही करणार."

"शब्द द्या."

"दिला."

द्रौपदी पुढे आली. जयवंतांच्या मागे जाऊन तिने मानेवरचे वेढे सारखे केले. गाठ काही बसेना.

"मीपण नाही करणार," ती म्हणाली.

जयवंतांनी चमकून मुलाकडे पाहिलं. धम्मपाल टेबलाशी वाकून बैठकीच्या कडेवर बोट फिरवत होता.

"इथे अजून थोडं खरखरतंय, बाबा," तो म्हणाला. "हीटर चालू राहू दे. पौर्णिमेपर्यंत व्हायला हवं."