खवल्या मांजराच्या अंगावर

मी प्राण्यांची चित्रं काढते, खाली त्यांची खरी गंमत लिहिते आणि फेसबुकवर टाकते. माझा धाकटा दीर नवनाथ कोपऱ्यातलं माझं नाव कापून तीच चित्रं स्वतःच्या पेजवर टाकायचा. गेवराईत चित्रकार म्हणून त्याचा सत्कारसुद्धा झाला. शाल पांघरूनच तो जेवायला आला. मी त्याला पोळीवर तूप वाढलं आणि मनात काय ते ठरवलं.

दुसऱ्या दिवशी खवल्या मांजर काढलं. खाली लिहिलं, 'याला दात नसतात, तरी जावयासारखं पोटभर जेवतं.' मग डोक्यापासून शेपटीपर्यंत एकेका खवल्यात तिळाएवढं एकेक अक्षर बसवलं. नवनाथनं सवयीप्रमाणं कोपरा कापला आणि चित्र टाकलं. कुणीतरी ते मोठं करून वाचलं : 'हे चित्र राजश्रीवैनीचं. नवनाथनं चोरलं.'

संध्याकाळी तो तणतणत आला.

"वैनी, कावून असं केलं? लोक लई हसायलेत! आत्ता काढून टाकतो."

"काढून तर बघ," मी म्हणाले. "तुझ्या पेजवर माझं नाव पहिल्यांदाच आलंय, ते ऱ्हाऊ दे. न्हाई तर उद्या मगर काढते. तिच्या अंगावर लई जागा हाय."