हा-लेपोकोचा वजनकाटा

आमच्या हा-लेपोको गावात दोन गोष्टी सगळ्यांना पक्क्या ठाऊक होत्या. एक, सेंकू एअर मोठी होत चालली होती. आणि दोन, त्यात काहीतरी काळंबेरं होतं.

पहिली गोष्ट रेडिओच सांगायचा. मी लहान होते तेव्हा आमच्या देशाच्या या विमान कंपनीकडे एकच विमान होतं. दोन पंख्यांचं, एकोणीस खुर्च्यांचं, मेंढरांच्या कळपावर भुंकणाऱ्या कुत्र्यासारखा आवाज करणारं. मग तसंच दुसरं आलं. आणि गेल्या वर्षी आलं जेट! शेपटीवर ढाल रंगवलेलं, रोज दुपारी मासेरूहून जोहान्सबर्गला जाणारं. आमच्या डोंगरांवरून जाताना त्याची फक्त पांढरी रेघ दिसायची, पण रेडिओवरचा माणूस त्याच्याबद्दल असा बोलायचा की जणू ते त्यानेच जन्माला घातलंय.

कंपनी वाढली तसे माझे वडीलही वाढले. न्ताते सेखोन्याना, म्हणजे माझे वडील, आमच्या धावपट्टीवरचा कंपनीचा एकुलता एक माणूस. तिकिटं तेच फाडायचे, माणसं तेच तोलायचे, विमान दिसलं की पट्टीवरच्या मेंढ्याही तेच हाकलायचे. आधी त्यांना टोपी मिळाली. मग पितळी बटणांचं जाकीट. मग एक परिपत्रक.

परिपत्रकात लिहिलं होतं की ज्या गावाहून फेरीमागे सरासरी बारा माणसं जात नाहीत, तिथलं विमान एप्रिलपासून बंद.

आमच्या गावाहून दहा जायची. फार तर अकरा. आणि दर फेरीला तीन-चार जण तिकिटाचे पैसे हातात घेऊन मागे राहायचे! माणसं रांगेत, खुर्च्या रिकाम्या, आणि विमान जातंय उडून. आता यात तुम्हाला संशय येणार नाही तर कशात येणार?

मला तर यायलाच हवा होता. माझी आई, म्मे, मासेरूच्या कारखान्यात जीन्सच्या पँटी शिवते. महिन्यातून एकदा शुक्रवारच्या विमानाने येते आणि सोमवारच्या विमानाने जाते. बसने तेरा तास लागतात, आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की घाटच बंद. विमान गेलं असतं तर म्मे मला फक्त ख्रिसमसला दिसली असती.

रिकाम्या खुर्च्यांचं कारण न्ताते एका शब्दात सांगायचे. वजन. आमची पट्टी आखूड, आणि ती संपते तिथे दरी. म्हणून आमच्याकडून माणसं आणि सामान मिळून एक हजार किलो, त्यावर एक कोंबडीसुद्धा नाही. कंपनीने काटा दिला नव्हता, म्हणून लोकरीच्या गोदामातल्या काट्यावर, जिथे बुधवारी लोकरीचे गठ्ठे चढतात, तिथेच शुक्रवारी आणि सोमवारी माणसं चढायची.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी न्खोनो मामोकेते चढली. न्खोनो म्हणजे आजी. आमच्या गल्लीतली म्हातारी, मुलीकडे बाळंतपणाला निघालेली, आणि तिसऱ्यांदा परत पाठवली जाणारी.

"अडुसष्ट," न्ताते म्हणाले.

"अरे सेखोन्याना, दवाखान्यात मी एकसष्ट भरते!"

"ब्लँकेट, न्खोनो. ब्लँकेटला वजन असतं."

"मग काढू? इथे, सगळ्या गावासमोर? चालेल तुला?"

रांग खिदळली. न्ताते हसले नाहीत. त्यांनी बेरीज केली आणि मान हलवली. हजार झाले होते. न्खोनो खाली उतरली आणि म्हणाली, "माझा नातू चालायला लागेल, मग तोच येईल मला न्यायला."

"कंपनीचाच डाव आहे," न्ताते रामाबान्ता म्हणाले. न्ताते आमच्याकडे प्रत्येक मोठ्या माणसाला म्हणतात; हे गावातले सर्वांत मोठे मेंढीवाले आणि सर्वांत मोठ्या आवाजाचे. "जेट आलं ना, आता आम्ही कशाला हवे? आणि या टोपीवाल्याला मासेरूत मोठी टोपी ठरलेली असेल. काय रे सेखोन्याना, मापं देऊन झाली का डोक्याची?"

माझे कान तापले. पण खरं सांगू? रागाच्या खाली दुसरंच काहीतरी वळवळलं. कारण न्खोनोचा दवाखान्यातला काटा माझ्याही ओळखीचा होता. सोमवारीच शाळेने आम्हाला तिथे नेऊन तोललं होतं आणि मी सेहेचाळीस भरले होते.

विमान आलं, न्ताते पट्टीवर गेले, गोदाम रिकामं झालं. मी टुणकन काट्यावर चढले.

बावन्न!

"सोमवार ते शुक्रवार सहा किलो?" माझी मैत्रीण न्थातिसी डोळे विस्फारून म्हणाली. "काय खाल्लंस, शाळेचा फळा?"

"गप. तुझ्या मामाच्या दुकानातली ढकलगाडी आण. आणि मक्याच्या पिठाचं एक पोतं. सीलबंद, पन्नासचं."

"अख्खं पोतं? त्याची घट्ट पेज, पापा, शिजवू का तुझ्यासाठी?"

पण तिने आणलं. म्हणून तर ती माझी मैत्रीण. विमान पट्टीच्या टोकाशी वळत होतं तेवढ्यात आम्ही धापा टाकत पोतं चढवलं. काटा छप्पन्नवर थांबला.

पुढच्या बुधवारी, लोकरीच्या दिवशी, गोदामवाल्याला गोड बोलून मी तेच पोतं पुन्हा चढवलं. पन्नास. ना कमी, ना जास्त.

म्हणजे काटा आजारी नव्हताच. शुक्रवारी आणि सोमवारी त्याला कोणीतरी आजारी पाडत होतं. आणि त्या दोन दिवशी गोदामाची किल्ली एकाच माणसाकडे असायची.

त्या दोन रात्री मी न्तातेंसमोर बसून मोरोहोची भाजी खात होते आणि त्यांच्या हातांकडे बघत होते. हे हात काय लपवतायत? हलकं विमान पाठवून यांना काय मिळतं? त्या रिकाम्या वजनात दुसऱ्याच कोणाचा माल जातो का? त्यांनी विचारलं, "लिमाकात्सो, जेवत का नाहीस?" मी म्हटलं, "वजन वाढतंय." त्यांचा घास हातातच राहिला. क्षणभरच. पण मी पाहिला.

शुक्रवारी शाळेच्या आधी मी लोकरीच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसले. गोदामाची मागची फळी सैल आहे, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. न्ताते आले. दार लावलं. मोज्यातून एक छोटा पेचकस काढला, काट्याजवळ गुडघ्यावर बसले आणि खालचा स्क्रू फिरवला. जरासाच, जपून, जणू घड्याळाला चावी देतायत.

"न्ताते!"

त्यांचं डोकं काट्याच्या दांडीवर आपटलं. टोपी घरंगळत माझ्या पायाशी आली.

"किती दिवस?" मी विचारलं. माझा आवाज आमच्या मुख्याध्यापिकेसारखा निघाला. मलाच नवल वाटलं.

"एक वर्ष."

"कोणासाठी? काय देतात तुम्हाला?"

ते माझ्याकडे असं बघत राहिले की मी प्रश्न मागे घ्यायला तयार झाले. मग ते गठ्ठ्यावर बसले.

"आधी विमान सकाळी सातला निघायचं, आठवतं? थंड हवेत हजार किलो घेऊन कापसासारखं उचललं जायचं. जेट आलं आणि आपली वेळ झाली दुपारी एकची. का, तर मासेरूला उतरून लोकांना जेट पकडता यावं. गेल्या वर्षी जानेवारीत एका दुपारी इतकं ऊन होतं की पट्टीवरचे दगड हलताना दिसत होते. गरम हवा विमानाला उचलत नाही, पोरी. मी हजार किलो भरून दिलं. काट्याला काटा लावून, बरोब्बर. ते पळत गेलं, शेवटच्या पांढऱ्या दगडापर्यंत चाकं जमिनीवरच. आणि मग दरीत गेलं."

"दरीत?"

"दिसेनासं झालं. मी सात मोजले. मग पलीकडून वर आलं." ते थांबले. "तुझी आई होती त्यात. खिडकीशी बसली होती. तिला वाटलं, वैमानिक दरी दाखवतोय. पुढच्या महिन्यात घरी येऊन कौतुकाने सांगत होती."

मी टोपी उचलून गठ्ठ्यावर त्यांच्या शेजारी ठेवली.

"मी दोनदा कंपनीला लिहिलं," न्ताते म्हणाले. "वजन कमी करा, नाहीतर वेळ सकाळची करा. उत्तर आलं की पुस्तकात हजार लिहिलंय आणि वेळ जेटची आहे. पुस्तक मासेरूत लिहिलंय. दरी इथे आहे."

"मग सांगा ना सगळ्यांना!"

"काय सांगू? की वर्षभर मी खोटं तोललं? न्खोनोला खोटं सांगून घरी पाठवलं? नोकरी तर जाईलच. पण यांच्यात राहायचं कसं?"

"आणि नाही सांगितलं तर विमान बंद. म्मे—"

"मला ठाऊक आहे विमान बंद झालं तर काय," ते म्हणाले आणि टोपी उचलून झटकू लागले.

मी शाळेत गेले, पण एकही धडा डोक्यात शिरला नाही. कारण त्याच दुपारच्या विमानाने कंपनीच्या बाई येणार होत्या आणि गावाच्या सभेत, आमच्या पित्सोत, निकाल सांगणार होत्या. मी ठरवून टाकलं. न्ताते बोलले नाहीत तर मी बोलणार. पित्सोत पोरींनी बोलायची रीत नाही, पण विमानात बसवून दरीत ढकलायची तरी कुठे रीत आहे?

बाईंचं नाव म्मे मानेओ; मोठ्या बाईलाही आम्ही म्मेच म्हणतो. उन्हात चष्मा पुसत, फाईल छातीशी धरून त्या उभ्या राहिल्या. बोलायला नम्र होत्या आणि त्यामुळेच जास्त संशय येत होता.

"कंपनी वाढतेय याचा सगळ्यांनाच अभिमान आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमची सरासरी साडेदहा आहे. विमान अर्धं रिकामं उडवणं परवडत नाही."

"रिकामं तुम्हीच ठेवता!" न्ताते रामाबान्ता उठले. "काटा खोटा आहे! तुम्हीच बिघडवून ठेवलाय, आम्हाला बंद करायला!"

"न्ताते, तो काटा आमचा नाही. तुमच्या लोकरीच्या गोदामाचा आहे."

"तोलून बघा मग!"

आमच्या गावप्रमुख मोरेना बाईंनी काठी आपटली. "भांडण कशाला? सीलबंद पोतं आणा."

न्थातिसीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली. चौघांनी काटा उचलून उन्हात आणला, पोतं चढवलं. छप्पन्न.

काय गलका उठला! "चोर! मासेरूचे चोर!" म्मे मानेओंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यांना काही कळत नव्हतं, आणि गावाला सगळं कळलं होतं. चुकीचं, पण पक्कं. विमानाचे वैमानिक सावलीत पाणी पीत बसले होते, तेही उठून आले.

तेव्हा मला दिसलं की न्तातेंना आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. दोष कंपनीचा, राग कंपनीवर, टोपी डोक्यावर. कदाचित भिऊन कंपनीने विमानही चालू ठेवलं असतं. आणि मग काटा खरा झाला असता, भर दुपारी, हजार किलो, दरी.

मी उठायला हात जमिनीवर टेकले.

न्ताते माझ्या आधी उठले. त्यांनी टोपी काढली. आमच्याकडे माणूस मोरेनांसमोर गुन्हा कबूल करताना टोपी काढतो, म्हणून ते बोलण्याआधीच अर्धी सभा गप्प झाली.

"कंपनीने नाही. मी फिरवला," ते म्हणाले. आणि सकाळी मला सांगितलं ते सगळं सांगितलं. माझ्या म्मेचं सोडून. ते त्यांनी स्वतःजवळ ठेवलं.

कोणीतरी थुंकलं. न्ताते रामाबान्ता खाली बसले. म्मे मानेओ कडक आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशीच्या नोंदीत असं काही नाही. मी सगळ्या वाचल्यात. उड्डाण सामान्य, असं लिहिलंय."

"ते 'सामान्य' मीच लिहिलं होतं," वैमानिक म्हणाले. सगळ्यांनी माना वळवल्या. ते आपल्या बुटांकडे बघत होते. "त्या दिवशी मीच होतो. जेटवर बदली मागितली होती मी, म्हटलं, उगाच कशाला लिहा. त्यानंतर इथून निघताना विमान नेहमी हलकं वाटायचं. मी कधी विचारलं नाही."



मग न्खोनो मामोकेते तिच्या जागेवरून म्हणाली, "म्हणजे मी एकसष्टच ना?" आणि लोकांना हसावं की नाही हे कळेना, म्हणून काही हसले.

म्मे मानेओंनी मोरेनांशी, मग वैमानिकांशी हळू आवाजात बोलणं केलं. शेवटी त्या म्हणाल्या की तीन महिने विमान सकाळी सातला निघेल, खऱ्या काट्यावर, आणि त्याच आकड्यावर निकाल होईल. तोलायला दुसरा माणूस येईल. त्यांनी हात पुढे केला. न्तातेंनी टोपी दिली. जाकीटही काढून, घडी घालून दिलं. बटणं आत करून.

घरी जाताना रस्ताभर कोणी आमच्याशी बोललं नाही. न्ताते नुसत्या सदऱ्यात चालत होते. त्यांच्या कपाळावर टोपीखालची फिकट पट्टी उघडी पडली होती.

"तू उठत होतीस," ते म्हणाले.

"हो."

"सगळं सांगणार होतीस?"

"सगळं. म्मेचंसुद्धा."

ते चार पावलं चालले. "सात मोजले, ते तिला सांगू नकोस."

"ती विचारेल. तुम्ही पट्टीवर दिसला नाहीत की पहिलं 'का?' हेच विचारेल."

"मग मीच सांगेन," न्ताते म्हणाले. "तिला उतरू तर दे."