राख लागलेले दाणे

मी एक जुनं जातं आहे, मित्रांनो. घाटघरच्या एका घराच्या पडवीत, सरपणाशेजारी बसून असतो. डोंगरावरचं धुकं आत शिरलं की वाटतं, मी अजून कड्यातच आहे, मला कुणी फोडून काढलंच नाही.

पण काढलं. पाथरवटाने गोल घडवलं आणि पुढे घरच्यांनी दरवर्षी मला टाकी लावून घेतली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आलं नाही, दात मात्र आले.

त्या दातांनी मी सुवार्ताबाईंची नाचणी दळली. जुन्नरच्या एका ख्रिस्ती मास्तरांची ही लेक लग्न होऊन इथे आली. दळताना ती येशूच्या गोष्टी सांगे. त्यातली एक माझी आवडती. येशू चाळीस दिवस उपाशी, रानात एकटा, भोवती दगडच दगड. सैतान म्हणतो, यांच्या भाकरी कर. येशू करत नाही. मी मात्र फिरता फिरता स्वप्न बघे, की त्या दगडांत मीही आहे आणि माझी हळूहळू भाकरी होते आहे.

मग गावात गिरणी आली. आठ वर्षं माझ्या तोंडात घास पडला नाही. कोंबडी तेवढी अंगावर चढून बसे. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटे.

गेल्या वैशाखात नाणेघाट बघायला पाहुणे आले. सुवार्ताबाईंची सून जया हिने नुकतंच घरगुती जेवण द्यायला सुरुवात केली होती, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. पाहुणे म्हणाले, जात्यावरच्या नाचणीची भाकरी दिलीत, तर दर आठवड्याला माणसं घेऊन इथेच येऊ. घरची नाचणी तर संपलेली. होतं ते मडक्यातलं बियाणं, गावातल्या बायकांनी विश्वासाने जयाकडे ठेवलेलं.

तिने मला पुसलं, खुंटा बसवला. मी हरखून गेलो. पहिली मूठ पडली आणि दातांना राख लागली. कीड लागू नये म्हणून आमच्याकडे बियाण्यालाच राख चोळतात. मला सगळं कळलं. तरी मी फिरलो.

सुवार्ताबाई काठी टेकत आल्या. त्यांनी पीठ चिमटीत धरून पाहिलं.

“आई, देवच परीक्षा बगतोय,” जया खाली मान घालून म्हणाली.

“परीक्षा त्यो घेतो, पोरी. मोहात न्हाई पाडत. टाकी लावनारा जातं फोडाया बसत नाय. ही वढ आपल्याच पोटातली हाय.”

जयाचा हात खुंट्यावरच होता. फिरव, एकदाच फिरव, असं मला वाटत होतं. तिने हात काढून घेतला.

पाहुणे तांदळाची भाकरी खाऊन गेले, ते पुन्हा आले नाहीत. जया मडकं घेऊन दारोदार गेली आणि एक मूठ आपण दळल्याचं तिने सांगितलं. बायकांनी मडक्यात डोकावून पाहिलं. शेवटी त्यांच्यातल्या म्हाताऱ्या लंकाबाईंनी मडकं तिच्याच हातात परत दिलं. “तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. न सांगता बी भागलं असतं तुजं.”

मार्गशीर्षात नवी नाचणी घरात आली. जयाने पहिली मूठ माझ्यात घातली. राख नव्हती. धुक्यात मी सावकाश फिरत राहिलो.

मित्रांनो, आम्हाला सांभाळा, असं सांगायची जुन्या वस्तूंची रीत आहे. मी निराळंच मागतो. भुकेच्या वेळी समोर घास आला, तर आधी दाण्याला बोट लावून बघा. राख लागली, तर तो दाणा उद्याचा आहे, आणि कुणीतरी तुमच्यावर विसंबून ठेवलेला आहे.