तळापर्यंत हात घाला

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. आता माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालतात आणि माझ्या फाटक्या अंगातून ऊन आरपार जातं. पण एके काळी मलावीतल्या आमच्या टेकडीवर लोक माझ्याकडे बघून माणसाची किंमत ठरवायचे.

मला लुफेयोने विणलं. आमच्याकडे नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. लुफेयो मलिताच्या अंगणात आला, तेव्हा त्याने बांबूच्या कामट्या काढल्या, त्या विणून मला खांबांवर उभं केलं आणि डोक्यावर गवताची टोपी घातली. मलिताचा मामा काझेम्बे हा त्या घराण्याचा कर्ता. तो मला हलवून बघायला मुद्दाम आला होता.

"कणगी बरी जमलीय, जावईबापू," तो म्हणाला. "पण ध्यानात ठेवा. जिचा तळ दिसला, तिच्या धन्याने आपल्या आईच्या गावची वाट धरायची."

सगळे हसले. लुफेयोही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनात घर करून राहिलं.

पुष्कळ वर्षं मी भरलेली होते. मलिता माझ्यातली कणसं काढायची, कुटायची आणि संध्याकाळी घरात मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे घट्ट, पांढरे गोळे वाफाळायचे. मलिताची म्हातारी आई नाफिरी माझ्या सावलीत चटई टाकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "ही माझ्या जावयाची कणगी." खरं सांगते, ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं.

मग एका सुगीत कर्णा लावलेली सरकारी गाडी आली. यंदा पीक भरघोस आहे, मका घरात ठेवून किडीच्या घशात कशाला घालता, सरकारी कोठारात द्या, टंचाईत तिथूनच स्वस्तात घेऊन जा, असं कर्ण्यातून सांगितलं गेलं. गावाने विश्वास ठेवला. माझं पोट निम्म्याहून अधिक रिकामं झालं. पुढे पाऊस पडला, शेतात मका गुडघ्याएवढा झाला आणि घरातला संपत आला. लोक पिशव्या घेऊन कोठारावर गेले, तर दाराला कुलूप. आमचा मका कधीच ट्रकांत भरून दूर कुठेतरी विकला गेला होता. कर्णेवाला पुन्हा काही त्या वाटेने फिरकला नाही.

हा झाला एक विश्वासघात. दुसरा घरातला होता आणि तो मला जास्त लागला.

मलिता ओढ्यावर गेली असताना लुफेयोने माझ्यातली उरलीसुरली कणसं बाहेर काढली. दाणे काढून घेतलेली रिती कणसं त्याने माझ्या तळात गच्च भरली आणि वर दाणेवाल्या कणसांचा एक पातळ थर पसरला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो माझ्याशीच पुटपुटला. ज्या हातांनी मला घडवलं, त्याच हातांनी मला खोटं केलं.

थोड्या दिवसांनी धान्य वाटणाऱ्या संस्थेची एक बाई घरोघरी कणग्या बघत आली. नाफिरी चटईवरून हसून म्हणाली, "बघ की, झाकण उचलून बघ. आमच्या घरी कोण उपाशी मरतंय?" बाईने वरून डोकावलं, मान डोलावली आणि ती पुढच्या अंगणात गेली. धान्याची गाडी आमच्या गावात थांबलीच नाही.

पुढे वरचा थर सरला आणि एका सकाळी मलिताच्या हाताला रितं कणीस लागलं. तिने ते लुफेयोसमोर धरलं.

"मामा मला हाकलून देतील गं," तो म्हणाला.

"नुसतं माझ्याशी खोटं बोलला असतास, तर भांडून मोकळी झाले असते. तू सगळ्या घरालाच फसवलंस."

तरी तिने माझ्यावर झाकण ठेवलं आणि गप्प राहिली. बोलली असती, तर लेकरांचा बाप गेला असता.

मग घरात कोंड्याची पातळ पेज शिजू लागली. नाफिरी वाडग्यात बघायची, मग माझ्याकडे बघायची. "कणगी डोळ्यांसमोर भरलेली आणि आईला कोंडा? कोणासाठी राखून ठेवतेस गं?"

"थोडे दिवस, आई."

"मी मेल्यावर खा मग."

मलिता पेज ढवळू लागायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. मक्याला तुरे फुटले आणि त्याच आठवड्यात नाफिरी गेली. लेकीवर रुसूनच गेली.

आमच्याकडे मयताला आलेल्या माणसांना त्या घरातलंच अन्न वाढतात. प्रेत अजून घरात होतं. मामा अंगणात उभा राहून म्हणाला, "माझ्या बहिणीच्या दारातून कोणी उपाशी जायचं नाही. खाली करा ती कणगी." त्याने स्वतःच खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर आलं ते रितं कणीस. त्याने पुन्हा हात घातला, आणखी एक निघालं.

लुफेयो उठला. "मी भरली, मामा. जातो मी."

मामाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आपल्या घरून मका आण," तो बायकोला म्हणाला.

ती जागची हलली नाही. "कुठून आणू? आपल्या कणगीतही हेच आहे. तुम्हीच तर भरलंत."

अंगणातल्या एकेका बाईने मान खाली घातली. मग कळलं, गावातली प्रत्येक कणगी माझ्यासारखीच होती, आणि म्हणून ती धान्याची गाडी थांबली नव्हती.

मामा मटकन खाली बसला. "बस रे लुफेयो," तो एवढंच म्हणाला. मलिताने मामाच्या हातातलं रितं कणीस घेतलं.

"हे आईला दाखवायला हवं होतं," ती म्हणाली.

मित्रांनो, कोणाची कणगी भरलेली दिसली, तर वरवर बघून पुढे जाऊ नका. तळापर्यंत हात घाला. आणि तुमच्या घरातलं अन्न संपलं, तर ते सांगायला लाजू नका. लाज कोठाराला कुलूप लावणाऱ्यांना वाटू द्या. मी भरलेली आहे असं समजतच नाफिरी गेली. तिला खरं सांगायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.