तीन खुर्च्यांची सेतीदिदी

आता मधी कुणी बोलू नका हं, न्हाईतर माझा धागा तुटतो.

भांडण पेटलं ते ऐन भातकापणीत. डोंगराच्या खाचराखाचरांत अख्खं गाव वाकलेलं, खाली दरीत धुकं दुधावाणी साचलेलं, आन् वरच्या बांधावर उभा ऱ्हाऊन मुखियाकाका बोंबलतोय, "अरं, पालिकेचा पैसा आला रं! विळं ठेवा आन् पारावर या!"

"आला म्हंजे हातात आला काय?" खालच्या खाचरातनं पदमलाल दुकानदारानं इचारलं. पैशाचं नाव काढलं की ह्याला दरीपलीकडचं बी ऐकू येतं.

"येणार म्हणतोय!"

"मग येईल तवा हाक मारा. दाणा गळाय लागलाय."

तरी बी सगळी गेलीच पारावर. पैसा न्हाई तर न्हाई, भांडण तर बघाय मिळंल! मी बी गेले, विळा कमरंला खोचून.

गोष्ट अशी की पालिकेला, म्हंजे आजूबाजूच्या गावांच्या पंचायतीला, आमच्या गावात भवन बांधायचं व्हतं. सगळ्यांचं भवन. लगीन तिथं, मिटिंग तिथं, डोळं तपासायचं शिबिर तिथं. वरच्या टोलाचं, म्हंजे वरच्या आळीचं, आन् खालच्या टोलाचं, समदं एका छपराखाली. पण दोन अटी. एक, चौथा हिस्सा गावानं गोळा करायचा. दुसरी, कमिटीत सात खुर्च्या, त्यातली एक बाईची, एक दलिताची आन् एक अपंगाची.

पैसे गोळा करायचं भ्या मुखियाकाकाला न्हवतं. भ्या वाटलं ते खुर्च्यांचं.

"बाई घेतली की कटकट," काका म्हणला. "खालच्या टोलातला घेतला की त्याला माझ्या ओसरीवर बसवावं लागंल. आन् लंगडापांगळा कुठनं आणू? आणला तर माझ्या घरापत्तूर चढंल कसा?"

"व्हय की, चढंल कसा?" डिलबहादुर म्हणला. ह्यो काकाचा मेहुणा. काका शिंकला तर ह्यो नाक पुसतो.

मग शाळंचं तारानाथ सर खोकलं. सर खोकलं की समजायचं, कायतरी इरसाल येतंय.

"तिन्ही खुर्च्यांत एकच माणूस बसला तर?"

सर गमतीनं म्हणलं हो! पण काकाचं डोळं असं चमकलं, जसं मांजरानं दह्याचं गाडगं बघावं. "सेती!" काका म्हणला.

सेतीदिदी म्हंजे खालच्या दमाईटोलची. आमच्याकडं दमाई लोक दलित, कापडं शिवत्यात आन् आमच्या लग्नात वाजवत्यात, अंगणात उभं ऱ्हाऊन. सेतीदिदी बाई तर हायेच. गवत कापताना कड्यावरनं पडली, तवा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कुबडीवर चालती. हातमशिनीवर अख्ख्या गावाची कापडं शिवती, आन् तोंड असं की विळ्याला धार लावायची असंल तर तिच्यापुढं धरावा. लोक एका दगडात दोन पक्षी मारत्यात, आमच्या काकानं तीन मारलं!

काका दमाईटोलात उतरला. मी मागं, माझं पोलकं तिच्याकडं शिवायला व्हतं ना! काका अंगणाबाहीर, दगडावर उभा.

"ए सेती, तुला कमिटीत घेतोय."

"का? काय उसवलंय कमिटीचं?"

"तीन खुर्च्यांवर घेतोय."

"तीन बुडं न्हाईत मला, मुखियाबा."

"बसायचं कुठाय गं! नुस्त्या तीन सह्या कर. बाकीचं आमी बघतो."

सेतीदिदीनं मशिनीचं चाक थांबवलं, दातानं दोरा तोडला. "भवन कुठं बांधणार?"

"आधी पैसा तर जमू दे."

"न्हाई, मी का इचारते ते ऐका. फागुनात माझ्या धाकटीचं लगीन हाय. थोरलीच्या लग्नात ह्या उतारावर मांडव ठरंना. दोन बाजूंनी दोरानं बांधला. आन् मला ही एक टांग! पोरांनी मला उचलून मांडवात न्हेऊन ठेवली, मक्याच्या पोत्यावाणी. लेकीच्या लग्नात आई पोत्यावाणी! पाव्हणं हसलं. धाकटीच्या लग्नात मी माझी मी चालत जाणार. सपाट जागा आन् वर छप्पर. एवढं द्या, तीन काय तीस सह्या करते."

"बघू," काका म्हणला. आमच्या गावात बघू म्हंजे न्हाई, हे शेळ्यांना बी ठावं हाय. पण तिनं सह्या केल्या. तीन ओळी, तीन येळा सेतीमाया परियार. तिसऱ्यांदा लिहिताना म्हणली, "नाव माझं एवढं कधीच कुणी घेतलं न्हवतं बाई."

मग तिहार आला, म्हंजे आमची दिवाळी. दारोदारी दिवं, अंगणं लाल मातीनं सारवलेली, झेंडूच्या माळा. तिहारात पोरंपोरी घरोघर देउसी गात फिरत्यात आन् मालक सुपात पैसे, तांदूळ, तांदळाच्या पिठाची तळलेली सेलरोटी घालतो. आमी ठरवलं, औंदाची देउसी भवनासाठी. मादल, म्हंजे ढोलकी, मी वाजवणार. पण पुढं गाणार कोण? देउसीत पुढचा जे म्हणंल त्यावर सुपातलं ठरतं. सेतीदिदीशिवाय गळा कुणाचा व्हता गावात?

"मी डोंगर चढू कशी गं केसरी?" तिनं मला इचारलं.

कर्णे हमाल म्हणला, "मी भाताची पोती वाहतो, तुला न्हाई व्हय वाहायचा?" त्यानं पाठीवरच्या डोकोत, म्हंजे कळकाच्या टोपलीत, तिला बशिवलं, पट्टा कपाळाला लावला, आन् निघाला. टोपलीतनं मागं तोंड करून ती गाती, आमी मागनं तिच्याकडं बघत नाचतोय! हसून हसून माझा मादल दोनदा चुकला.

पयलं घर पदमलालचं. त्यानं सुपात एक नोट टाकली. इतकी बारकी नोट की दिव्याला दया आली.

"ह्या घरची कणगी भरू दे!" सेतीदिदी.

"देउसी रे!" आमी.

"मालकाची मूठ उघडू दे!"

"देउसी रे!"

"मूठ उघडंना, तेल लावू दे!"

"देउसी रे!"

"सुपात नोट ही एकली बसली, सोबतीबिगर रडू लागली!"

अंगणात सगळी लोळायची बाकी. पदमलालची बायको आतनं आली, नवऱ्याच्या गल्ल्यात हात घातला आन् त्या नोटंला चांगली दणकट सोबत दिली.

असं घर घर घेत आमी काकाच्या ओसरीपाशी गेलो. काकानं दिलं बाई, मोप दिलं. पालिकेची माणसं बघाय आली व्हती ना. मग काकू सेलरोटी घेऊन आली. आमच्या हातात हातानं दिली. सेतीदिदीला? टोपलीत वरनं टाकली. लांबनं. सेतीदिदीनं वरच्यावर झेलली.

"काकू, नेम झ्याक हाय तुमचा," ती म्हणली, आन् तोडून अर्धी कर्णेला दिली.

मी खाली मान घालून मादलाची वादी आवळत बसले.

तिहार सरता सरता गावचा हिस्सा भरला. वर थोडा उरला बी. आता जागा ठरवायची. पुन्यांदा पार, पुन्यांदा सगळं गाव.

काका म्हणला, "भवन वर, माझ्या घराशेजारी. देऊळ जवळ, हवा चांगली, हिमाल दिसतो."

वर जायला दगडी पायऱ्या. अशा उभ्या की शेळी बी मधी बसून दम खाती. आन् काकाला मका वाळवायला छप्पर पायजे व्हतं, हे गावातल्या कोंबडीला बी ठावं व्हतं.

सेतीदिदी कुबडी टेकून उठली. "खाली सडकंकडंच्या माळावर बांधा. सपाट हाय. म्हातारी येतील, लेकुरवाळी येतील, मी येईन."

"कमिटी ठरवंल," काका म्हणला. बाकीच्या चार खुर्च्या काका, डिलबहादुर, सर आन् पदमलाल ह्यांच्या. "वर बांधायचं, त्यांनी हात वर करा."

काकाचा हात वर. डिलबहादुरचा तर काकाच्या आधी वर. तारानाथ सरांचा खोकत खोकत वर. पदमलाल डोकं खाजवत व्हता. काकाला वाटलं, हात वर जाताना मधी खाजवतोय.

"आता खाली कुणाला पायजे?"

सेतीदिदीनं हात वर केला.

"एक," काका म्हणला.

"तीन," सेतीदिदी म्हणली.

"काय तीन?"

"बाईचं एक, दलिताचं एक, लंगडीचं एक. तीन खुर्च्या, तीन मतं."

"ए शहाणे! एक माणूस, एक मत!"

"मग मी एकच?"

"एकच!"

"बरं." ती सरांकडं वळली. "सर, पालिकेला कळवा. कमिटीत दोन खुर्च्या रिकाम्या. आमची जाऊ हाय, ती बसंल बाईच्या खुर्चीवर. आमचा आंधळा बिर्खे सनईवाला बसंल अपंगाच्या. त्यास्नी मुखियाबाच्या ओसरीवर कवा आणू?"

काकाचं तोंड बघाय पायजे व्हतं! गरम बटाटा तोंडात, गिळवंना आन् थुकवंना. ती एक म्हणावी तर खुर्च्या रिकाम्या, पैसा जातो, न्हाईतर आणखी दोघं ओसरीवर. तीन म्हणावी तर...

"सर, नेम काय म्हणतो?" काकानं हळूच इचारलं.

"नेमात खुर्च्या सात," सर खोकलं. "बुडं किती ते लिवलेलं न्हाई."

काकानं बोटं मोजली. तोंडावर हसू आलं. "घे, तीन घे! तरी आमी चार. व्हय ना रं पदमलाल? कर हात वर!"

आन् पदमलाल उठला. आयुष्यात पयल्यांदा त्यानं फुकटात कायतरी दिलं, म्हंजे आमाला तसं वाटलं. "काका, एक इचारू?" तो म्हणला. "लग्नाला दोनशे माणूस आलं, तर च्या कुठं पिणार? वर? तुमच्याकडं?"

पदमलालचं दुकान कुठाय? सडकंला, त्या माळाच्या अंगाला चिकटून!

त्यानं हात वर केला, सेतीदिदीकडं बघून. चार विरुद्ध तीन. न्याय म्हणा, धरम म्हणा, काय बी म्हणा गं. त्या दिशी तो च्याच्या किटलीतनं आला.

मग काय, पूस गेला, माघ गेला. पालिकेचा पैसा गोगलगाईवाणी आला, पण आला. दगड आमी वाह्यलं, वाळू नदीतनं आणली, माझ्या खांद्याची सालटं निघाली. दाराशी पायरी न्हाई, उतार केला. फागुन उजाडला तवा पत्रं बसलं व्हतं, फरशी वाळली व्हती. खिडक्या तेवढ्या ऱ्हायल्या, तिथं ताडपत्री लावली. भवनातलं पयलं लगीन, सेतीदिदीच्या धाकटीचं.

वऱ्हाड आत बसलेलं. पोरं उचलायला पुढं झाली, तर तिनं कुबडी उगारली. "हात लावाल तर टाळकं फोडीन!" आन् आली. उतारावरनं वर, दारातनं आत. नव्या फरशीवर कुबडी टक, टक, टक. नवरीपाशी पोचली, तवा कपाळावर घाम, आन् माझ्याकडं बघून म्हणली, "तोंड मीट की गं केसरे. चालाय येतं मला."

काका पुढच्याच खुर्चीवर, अध्यक्ष ना, गळ्यात माळ. पंगत बसली. डिलबहादुर कवाच कोपऱ्यात दुसऱ्यांदा भात घेत व्हता. आमी तरण्या पोरी बी बसलो. माझ्या आज्जीला सांगू नका. काका मात्र हलंना. "पोट बिघडलंय," म्हणला. संत्रं सोलत बसला. संत्र्याला साल असतं, ते चालतं.

संत्री आणलेली डोंगरापलीकडच्या गावच्या जसमान गुरुंगानं. तो तिथला अध्यक्ष. त्यांच्याकडं बी भवन यायचं व्हतं, त्याच अटी. तो काकाच्या कानाला लागला, पण त्याचं कुजबुजणं म्हंजे दवंडी.

"मुखिया, आमाला तीन माणसं गोळा करायची म्हंजे डोक्याला ताप. तुमची ही बाई आमच्या कमिटीला देता का?"

काकाची छाती फुगली. "सेती? छ्या! ती आमची हाय. आमच्या गावाची. कुठं द्यायची न्हाई!"

टक, टक. सेतीदिदी मागंच.

"आमची म्हणलात, मुखियाबा?"

"व्हय तर!" काका म्हणला. काय करणार, जसमान बघत व्हता.

"मग जेवा की आमच्यात."

"अगं, पोट..."

"भात नका घेऊ. पाणी घ्या. पोट बिघडल्यावर पाणी प्यावं, शिबिराचा डाक्टर बी सांगतो." आन् तिनं आपल्या घरचा पितळी लोटा पुढं धरला.

काकानं सरांकडं बघितलं. सर पत्र्याकडं बघत व्हतं. मेहुण्याकडं बघितलं, त्याचं तोंड भरलेलं. जसमान बी संत्रं सोलायचा थांबला. दमाईटोलची म्हातारी माणसं घास हातात धरून बसली.

काकानं लोटा घेतला. डोळं मिटलं, एरंडेल प्यावं तसा घटाघटा प्याला, मिशी पुसली.

"बरं हाय पाणी," म्हणला.

"बरं असणारच," सेतीदिदी म्हणली. "तुमच्याच वरच्या झऱ्याचं हाय. नळानं खाली आलंय."