कच्चा घास

येसूबाईच्या घरात आषाढापासून मासळी शिजली नव्हती. तिचा एकुलता मुलगा जयवंता पोशीरच्या नदीवर पाग टाकायला गेला होता. पाग म्हणजे फेकून टाकायचं जाळं, त्याची दोरी मनगटाला बांधलेली असते. जाळं पाण्याखालच्या खुंटाला अडकलं, तेवढ्यात वरून लोंढा आला आणि त्याच दोरीनं त्याला आत ओढून नेलं. तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली, वाळूत तो सापडला. माशांनी आणि चिंबोऱ्यांनी, नदीतल्या खेकड्यांनी, त्याचं तोंड ठेवलं नव्हतं. येसूबाईनं त्याला कमरेच्या करगोट्यावरून ओळखलं.

तेरावं झाल्यावर तिनं मासळीची मडकी उकिरड्यावर नेऊन फोडली. "माज्या चुलीवर आता मासमच्छी चढायची नाय," ती म्हणाली. नवरा नागू उठून गोठ्यात गेला. सून मैनेला तर बोलण्याचा हक्कच नव्हता. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं, मूलबाळ नाही, वय एकोणीस.

कार्तिकात भात घरात आलं आणि भाताच्या मागोमाग उंदीर आले. घरची मांजरी होती, पण खळ्यात गावच्या कुत्र्यांनी तिला धरलं. माळ्यावर तिची तीन पिल्लं होती. दोन थंडीनं गेली. एक करड्या पट्ट्यांचं, मुठीएवढं पिल्लू राहिलं, जेमतेम सव्वा महिन्याचं.

"जगव त्याला," नागू बायकोला म्हणाला. "कणगीला खालून भोक पडलंय. मांजर पायजे घरात."

येसूबाईनं त्याला फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं आणि दूधभात कालवून घातला. पिल्लू खायचं. पण चौथ्या दिवसापासून त्याला हगवण लागली. पोट फुगलं, बरगड्या वर आल्या. पुढच्या आठवड्यात ते मागचे पाय ओढत चालायला लागलं. येसूबाईनं दुधात पाणी घातलं, मग सुंठ उगाळून घातली, मग नुसती पेज दिली. काही केल्या फरक पडेना.

एका सकाळी कातकरवाडीतली ठकी फाट्यांची मोळी घेऊन आली. पूर्वी ती मासे आणि चिंबोऱ्याही आणायची, आता या दारात नुसती लाकडंच आणत असे. मोळी टाकून ती पिल्लाजवळ बसली आणि बोटानं त्याचं तोंड उघडून बघितलं.

"दात आलं की याचं. आन् तू अजून दूधभात घालतेस? मरंल ते, बाय."

"मग काय घालू?"

"याची आय असती तर तिनं काय आणलं असतं? उंदीर, पाखरू. कच्चं. याला मांस पायजे."

"माज्या घरात ते व्हायचं नाय."

"शिजवू नको. चुलीला लावूच नको. भायेर, गोठ्यामागं घाल. पर एकदम नको घालू, आतडं तुटंल. पयल्या दिवशी कोंबड्याचं काळीज बोटाला लावायचं आन् नुसतं चाटू द्यायचं. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याएवढं. चार दिसांनी बोराएवढं. दुधात कालवायचं नाय, दूध सांजच्याला येगळं, आन् तेबी कमी कमी करत जायचं. घासाला हाडूक नको. आन् गार देऊ नको. मुठीत धरून ऊन करायचं, जिवंत असल्यासारखं. गार मांसाला ते तोंड लावनार नाय."

मैना दारात भात पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"तू जा," येसूबाई ठकीला म्हणाली. "लाकडाचं उद्या बघू."

तीन-चार दिवस गेले. पिल्लाची हगवण एकाएकी थांबली. ते उठून बसायला लागलं, शेपटी उभी करून घरभर फिरायला लागलं. येसूबाईला वाटलं, सुंठ लागू पडली. दूध मात्र ते पुढ्यात ठेवलं तरी हुंगून बाजूला व्हायचं. आणि मैना रोज दुपारी शेणाची पाटी घेऊन गोठ्यामागं जायची, ती लवकर यायची नाही.

आठव्या दिवशी येसूबाई तिच्या मागं गेली.

मैना उकिडवी बसली होती. तिची डावी मूठ मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून लाल पाणी गळत होतं. तिनं मूठ उघडली. काळजाचा एक तुकडा होता. पिल्लानं तो उचलला आणि मान वाकडी करून, घशातून गुरगुरत खाल्ला. शेजारी तीन दगडांत राख होती, आणि राखेत चिंबोऱ्यांची लाल झालेली कवचं.

"पिल्लाला घालतेस ते दिसलं," येसूबाई म्हणाली. "ह्ये काय हाय?"

मैनेनं मागं वळून बघितलं. ती उठली नाही.

"ह्ये मी खाल्लं."

"कुनी दिलं?"

"ठकीनं. मी तिला भात सडून देते."

"त्याच नदीतलं? ज्यांनी माज्या लेकाचं तोंड—"

"मला म्हाईत हाय, आत्याबाई." मैनेचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "तुमी बघितलात तसा मीबी बघितला त्याला. पर मला भूक लागते. पाच म्हयनं झालं, डाळ आन् भात, डाळ आन् भात. पिल्लू मरतंय ते तुमाला दिसलं. मी बी हाय ना घरात?"

गोठ्याच्या कुडाला शेण काढायची फळी टेकवलेली होती. येसूबाईनं ती उचलली आणि मैनेच्या पाठीत घातली. एकदा, मग आणखी दोनदा. मैना ओरडली नाही. पिल्लू घाबरून लाकडांत शिरलं. फळीचा कोपरा लागून मैनेच्या खांद्यावरची चोळी फाटली आणि आतून रक्त आलं, तेव्हा येसूबाईचा हात थांबला.

संध्याकाळी नागूनं सुनेचा खांदा बघितला. त्यानं ताट तसंच पुढं सरकवलं आणि उठला.

चौथ्या दिवशी मैनेचा भाऊ सदू आला. तो खालापूरच्या अंगाला, शिळफाट्याच्या पलीकडं राहायचा. निरोप कोणी धाडला ते येसूबाईनं विचारलं नाही. सदूनं नागूच्या पाया पडल्यासारखं केलं, बहिणीची गाठोडी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "थोडं दीस ऱ्हाऊ दे तिकडं." मैनेनं जाताना येसूबाईला वाकून नमस्कार केला.

त्या दुपारपासून पिल्लू ओरडायला लागलं. येसूबाईनं दूध ठेवलं, दूधभात ठेवला, साईसुद्धा ठेवली. त्यानं तोंड लावलं नाही. ते गोठ्यामागच्या त्या राखेपाशी जाऊन बसायचं आणि ओरडायचं. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला. तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा मागचा पाय ओढायला लागलं.

येसूबाई डोक्यावर पदर घेऊन कातकरवाडीवर गेली.

ठकीचा नवरा पोशा झोपडीच्या दारात पाग विणत बसला होता. येसूबाईला बघताच त्यानं तो घाईनं गोळा करून मांडीखाली दडपला आणि मान खाली घातली. जयवंताला वाळूतून बाहेर काढणारा माणूस तोच होता. त्यानंच स्वतःची घोंगडी त्याच्या तोंडावर टाकली होती.

"इन तुजा पाग," येसूबाई त्याला म्हणाली. "मी काय तुज्याशी भांडायला आले नाय."

ठकी बाहेर आली. येसूबाई उंबऱ्याशी बसली.

"कसं घालायचं ते दाखव मला."

"सून गेली ना?"

"गेली."

ठकीनं टोपलीवरचा पाला काढला. काळीज नव्हतं. बोटाएवढे पाच-सहा मासे होते, सकाळचेच, अजून ओले. येसूबाईनं ते बघितले. ती उठून झोपडीमागं गेली आणि ओकली. परत आली तेव्हा ठकी तशीच बसून होती.

"पोशानं बी खाल्लं नव्हतं," ठकी म्हणाली. "तुज्या लेकाला काढल्यावर तो आठ दीस नदीवर गेला नाय. मासा म्हनला की त्याला त्येच दिसायचं. माजी दोन पोरं भुकेनं रडत होती. नवव्या दिवशी मी पाग त्याच्या अंगावर फेकला आन् म्हनलं, जा. तो रडत गेला, बाय. रडत मासं घेऊन आला. आमी सगळ्यांनी खाल्लं."

पोशानं मान वर केली नाही.

येसूबाईनं मासे पानात बांधून घेतले. घरी येऊन ती गोठ्यामागं बसली. एका माशाचं डोकं आणि काटा काढायला तिला अर्धी दुपार लागली, कारण पुन्हा पुन्हा ती विळी खाली ठेवत होती. मग तिनं तो चिंचोक्याएवढा तुकडा मुठीत धरला. गार होता. ती वाट बघत बसली. हळूहळू तो तिच्या अंगाएवढा ऊन झाला, आणि मूठ उघडावी की तशीच घेऊन पाण्यात धुवून टाकावी हे तिला कळेना. पिल्लानं तिच्या बोटांना नाक लावलं. खरखरीत जिभेनं ते बोटांच्या फटी चाटायला लागलं.

तिनं मूठ उघडली.

ती रोज तेवढंच करत राहिली. आधी काटा काढलेला तुकडा, पंधरा दिवसांनी बारीक मासा अख्खा, मग डोक्यासकट. पिल्लू पहिल्यांदा डोकं फोडून खाताना कुडूम असा आवाज झाला, तेव्हा तिनं कान झाकून घेतले. पण ती उठून गेली नाही. महिनाभरात त्याच्या अंगावर केस चढले, मागचे पाय भरले. पौषात एका पहाटे कणगीमागं झटापट झाली आणि सकाळी तिथं उंदराचं शेपूट तेवढं सापडलं.

"शिकलं," नागू म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "पोरीला आणायला जातेस का?"

येसूबाई दुसऱ्याच दिवशी निघाली. नेरळला गाडी धरली, कर्जतला बदलून खोपोलीला उतरली आणि तिथून शिळफाट्यावरून चालत गेली. मैना अंगणात सारवत होती. तिचे गाल भरले होते, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. तिनं हात धुतले, सासूला पाणी दिलं आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"तुला न्यायला आले," येसूबाई म्हणाली. "चूल तुजी. काय शिजवायचं ते शिजव. मी तोंडातून शब्द काढनार नाय."

मैनेनं नकारार्थी मान हलवली.

"माजा पाट ठरलाय, आत्याबाई. माघात. कारखान्यात कामाला हाय तो. बायको मेली त्याची, दोन पोरी हायत."

"तुला पसंत हाय?"

"मला कोन इचारतो? भावानं शब्द दिलाय." तिनं पायाच्या अंगठ्यानं ओलं सारवण दाबलं. "तुमी त्या दिवशी संध्याकाळी नुसतं 'जेव' म्हनला असता तरी मी ऱ्हायले असते. मी वाट बघितली. चार दीस बघितली."

आपण सुनेला हाक मारायला त्या चार दिवसांत तीनदा उठलो होतो आणि तीनदा खाली बसलो होतो, हे येसूबाईला सांगायचं होतं. पण ते आता सांगून काय होणार होतं?

"पिल्लू जगलं का?" मैनेनं विचारलं.

"जगलं. उंदीर धरतं."

"कोन घालतं त्याला?"

"मी."

मैनेनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. मग ती आत गेली आणि सासूसाठी ताट घेऊन आली. ताटात भाकरी आणि वालाची आमटी होती. घरात सुकटीचा, वाळवलेल्या मासळीचा वास भरला होता, पण ताटात सुकट नव्हती. येसूबाईनं दोन घास कसेबसे गिळले.

परतायला दिवस मावळला. नागू अंगणात बैलांना पेंढा घालत होता. त्यानं बायकोच्या मागं, वाटेवर, दूरवर बघितलं.

"येत नाय," येसूबाई म्हणाली. "पाट लावून देनार हायत तिचा."

नागूनं हातातला पेंढा खाली टाकला आणि तसाच उभा राहिला.

ती घरात गेली. चुलीच्या ओट्यावर कागदाची एक पुडी होती. तिनं ती उघडली. सुकट होती. दुपारी नेरळच्या बाजारात जाऊन नागूनं ती आणली होती, सून येईल म्हणून. तो मागून दारात आला होता.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "उद्या ठकीला देऊ."

येसूबाईनं विस्तव फुंकला. तवा ठेवला. सुकट टाकली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिनं पुसलं नाही. कांदा टाकला, तिखट टाकलं. भाकरीवर वाढून ताट नवऱ्यापुढं ठेवलं.

"तुमी खा," ती म्हणाली. "तुमालाबी भूक लागत असंल. मी इचारलंच नाय कदी."

ती पदर नाकाला लावून अंगणात जाऊन बसली. आत नागू जेवत होता. तो मध्येच थांबायचा, हुंदका गिळायचा आणि पुन्हा घास घ्यायचा. भाकरी संपेपर्यंत तिला ते ऐकू येत राहिलं.