ऐकणाऱ्याची झोप

रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या बुधाजीच्या कानाची ख्याती अशी, की पलीकडे कोर्लईच्या किल्ल्यावर कुणी जांभई दिली तर हा अलीकडून सांगायचा, "त्याची दाढ किडलीय." हे सोडून द्या हवं तर. पण मचव्यावरून वल्हं पाण्यात उभं धरायचं, दांड्याला कान लावायचा आणि घोळ माशांची झुंड खाली कुठे डुरकतेय ते सांगायचं, यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करत. बाकीचे फळ्यांवर आडवे होऊन घोरायचे, बुधाजी ऐकायचा. उभा जन्म असाच गेला.

गेल्या नारळी पुनवेला त्यानं ते काम मुलाच्या, सदाच्या स्वाधीन केलं आणि घरी बसला. तेव्हापासून त्याची झोप जी उडाली, ती सन छत्तीसचा उन्हाळा आला तरी परतली नाही. गालफडं बसली, निम्मा घास ताटातच राहायला लागला. त्याची बायको नीराबाई भिऊन गेली. मुरुडच्या वैद्याचा काढा झाला, टाळूवर तेल झालं, देवाला नारळ झाला.

"असाच जागा ऱ्हायला तर बोंबलावानी वाळंल गो," ती शेजारच्या केसरला म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या दुपारी शाळेतले अनंता मास्तर मासळीला आले आणि ओटीवर टेकले. मुंबईहून येणारं एक मासिक ते वाचत, आणि वाचलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

"बुधाजीबाबा, जर्मनीत एका डॉक्टरानं माणसाच्या डोक्याला चांदीचे पातळ पत्रे लावले आणि तारेनं यंत्राला जोडले. मेंदूत काय चाललंय त्याची यंत्र रेघ काढतं!"

"कवटी फोडून?"

"नाही हो, वरूनच. माणूस डोळे उघडून विचार करत असला की रेघ बारीक, दातेरी, घाईची. डोळे मिटून निवांत बसला की मोठ्या, एकसारख्या लहरी. त्यांचं नाव अल्फा."

"नावावरनं कोर्लईच्या ख्रिस्तावाची पोर वाटतेय."

"आणि गाढ झोपला की लांब, संथ, उंचच उंच लहरी. आता हा माझा अंदाज हं, छापलेलं नाही, पण ध्यानाला बसणारे त्या अल्फाच्या मधल्या पायरीवर बसत असणार. डोळे मिटलेले, पण माणूस जागा. झोपेतही तिच्यावरूनच उतरायचं. तुम्ही वरून एकदम उडी घ्यायला जाता."

नीराबाई मासे साफ करत ऐकत होती. ती उठली, हात धुतले आणि दाराआडचं जुनं वल्हं घेऊन आली. "यंत्र न्हाय तर न्हाय. ह्ये हाय ना? निजा, अवो."

बुधाजी चटईवर आडवा झाला. तिनं वल्ह्याचं पातं त्याच्या कपाळाला टेकवलं आणि दांड्याला कान लावला. मास्तरांनी हसू उपरण्यात कोंबलं.

"काय येतंय?" बुधाजीनं विचारलं.

"नुस्ती धडधड."

"ती तुजीच! अशी ऐकतात व्हय? डोळं मीट. खांदं सोड. तोंडातली जीभ पन सोड, लई चालते ती. इच्यार आला तर हाकलू नको, बगळ्यावानी जाऊ दे वरनं. मंग तुजं वाजनं थांबंल आन् खालचं येईल."

"हीच ती मधली पायरी!" मास्तर कुजबुजले. "बाबा, तुम्ही जन्मभर ध्यान केलंत."

"ध्यान तुमचं, मास्तर. आमी घोळ धरली."

नीराबाईनं डोळे मिटले. खांदे सोडले. खरं सांगायचं तर तिला काही ऐकू येत नव्हतं. पण दांड्यातून एक बारीक थरथर मात्र येत होती.

"घाईचं हाय," ती हळूच म्हणाली. "कुनाची तरी वाट बघतंय."

बुधाजी मग छताकडे बघत म्हणाला, "सदाचा कान कच्चा हाय गो अजून. मी डोळा लावला तर ऐकनार कोन?"

नीराबाईला आता उमगलं. मचव्यावर सगळे निजले ते हा ऐकतोय म्हणून. याला मात्र 'तू नीज, मी ऐकतो' असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

"मी हाय कानावर," ती म्हणाली. "तुमी निजा बाकीच्यांवानी."

"सोडशील मदीच."

"न्हाय सोडनार."

त्यानं पापण्या मिटल्या. थरथर मंदावली, मग थांबलीच. आणि कित्येक महिन्यांचं साचलेलं घोरणं असं काही सुटलं, की फळीवरची भांडी सरकली आणि खाडीत घोळ शिरली समजून शेजारचा गुणाजी जाळं खांद्यावर टाकून धावत आला; त्याच्यामागून निम्मी आळी. खोटं वाटत असेल तर गुणाजीला विचारा. मास्तरांनी दारात दोन्ही हात पसरून सगळ्यांना परत पाठवलं.

नीराबाईचा हात बधिर झाला, मानेला कळ लागली. तिनं कान काढला नाही. उन्हं ओटीवर उतरली तेव्हा सदा आला, रिकामी पाटी आपटत.

"आये, बाला उठव. आज मला काय पन गवसलं न्हाय."

"हळू! बस हितं. खांदं सोड. डोळं मीट."

निजलेलं तान्हं एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर द्यावं, तसा तिनं दांडा त्याच्या कानाशी दिला. सदा अवघडून बसला. मग हळूहळू त्याच्या कपाळावरची आठी गेली, श्वास लांबला. बराच वेळ तो हलला नाही.

"काय येतंय?"

"बा हाय," सदा ओठांतल्या ओठांत म्हणाला. "पार तळाला. एका जागी हाय."

नीराबाई हात चोळत उठली. चूल पेटवायची होती, पण फुंकणीचा आवाज होतो म्हणून तिनं निखाऱ्यावर नुसतं तोंडानं हळू हळू फुंकलं.